दिवसापुरतं बटण

आमच्या सोसायटीतल्या शेठजींच्या नव्या गाडीत गिअरच्या दांड्यापुढे एक बटण आहे. त्यावर गोल फिरणारा बाण आणि मधोमध इंग्रजी ए. सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की सुरू होतं. ही सोय नको असेल त्याने ते बटण दाबायचं, मग त्यात पिवळा दिवा लागतो. पण गाडी हे दाबणं लक्षात ठेवत नाही. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं की सोय परत हजर. शेठजींचा भुसाराचा व्यापार आता मुलं बघतात, तरी घर, मार्केट यार्ड, जैन स्थानक आणि पुन्हा घर हा त्यांचा फेरा चुकत नाही. प्रत्येक टप्प्याला बटण. पुण्याच्या उन्हाळ्यात सिग्नलला इंजिन थांबलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणून त्यांना ती सोय नकोच असते.

“सर, हे आपोआप दाबलं जाईल अशी एखादी डबी करून द्या ना,” असं ते लिफ्टपाशी म्हणाले. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये नोकरी केलेला माणूस. सोसायटीतल्या मुक्या डोअरबेल आणि रुसलेले इन्व्हर्टर माझ्याकडेच येतात, तेव्हा यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या पुढच्या वाक्यात. लिफ्टचं दार उघडलं तसे आत शिरता शिरता ते म्हणाले, “पण मग ते दाबणं कुणाचं धरायचं, सर? माझं, तुमचं, की त्या डबीचं?”

लिफ्ट वर गेली आणि प्रश्न माझ्याकडे राहिला.

शेठजींना हा प्रश्न सहज सुचला, कारण त्यांच्या जैन धर्मात कर्माची विभागणी फार बारीक आहे. एखादी गोष्ट स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि कुणी करत असेल तर तिला मनातून मान्यता देणं, या तिन्ही वाटांनी कर्म चिकटतं. मन, वाणी आणि काया ही साधनं वेगळी मोजायची. गृहस्थ ४८ मिनिटांची सामायिक, म्हणजे समभावाची बैठक, घेऊन बसतो तेव्हा तो करणं आणि करवणं या दोहोंचाच त्याग करतो. अनुमोदनाचा त्याग साधूंसाठी. संसारी माणसाची दुकानं, गिरण्या, शेतं त्या ४८ मिनिटांतही चालूच असतात आणि त्यांना त्याची आतून संमती असतेच, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पतंजलींच्या योगसूत्रांतही दुसऱ्या पादात हिंसेचे हेच तीन प्रकार येतात, तेव्हा ही वाटणी एकट्या जैनांची नाही.

आता हे बटणाला लावून पाहू. शेठजी बोटाने दाबतात ते करणं. माझी डबी दाबेल ते करवणं. आणि महिन्याभराने, डबी आहे हेही विसरून ते नुसते पिवळ्या दिव्याकडे बघत गाडी काढतील, ते अनुमोदन. कर्म तेवढंच, खात्यावर नावही तेच. मग फरक पडला कशात? मला लागलेली खोड अशी की असला प्रश्न आला की आधी सर्किट काढावं. कागदावर काढलेल्या सर्किटला लबाडी करता येत नाही.

मल्टिमीटर लावून पाहिलं तर बटण साधं निघालं. दाबलं की एक वायर अर्थला टेकते, सोडलं की सुटते. (सगळ्या गाड्यांत इतकं सरळ नसतं. काहींत एकाच वायरवर चार बटणं वेगवेगळ्या रेझिस्टन्सने ओळखली जातात, तिथे बटणाच्या दोन टोकांनाच समांतर जोड द्यावा लागतो.) म्हणजे हवं काय, तर इग्निशन चालू झाल्यावर थोडा वेळ थांबून, अर्धा सेकंद ती दोन टोकं जोडणारं बोट. यासाठी कॉम्प्युटर नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत दहा-पंधरा रुपयांना मिळणाऱ्या दोन ५५५ चिप पुरे. हान्स कामेनझिंड नावाच्या स्विस अभियंत्याने १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी ही चिप रचली. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बॅचने तिच्यावर दिवे लुकलुकवले आहेत.

तिची करामत एवढीच. बाहेर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावायचा. ट्रिगर मिळाला की आउटपुट चढतं आणि कपॅसिटर भरायला लागतो. तो पुरवठ्याच्या दोन तृतीयांश व्होल्टेजपर्यंत भरला की आउटपुट उतरतं आणि कपॅसिटर रिकामा होतो. लागणारा वेळ म्हणजे दोघांच्या गुणाकाराच्या १.१ पट. पहिल्या चिपला ४७० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड दिले की पाच सेकंदांहून किंचित जास्त. दुसरीला ४७ किलोओहम आणि तोच कपॅसिटर, म्हणजे अर्धा सेकंद. पहिलीचं आउटपुट उतरताना दुसरीला टोचतं, दुसरी रिले ओढते, रिले बटणाची टोकं जोडतो. ५५५ मधून २०० मिलिअँपिअरपर्यंत करंट निघतो आणि छोट्या रिलेला तीसेक पुरतात, तेव्हा मधे ट्रान्झिस्टरही नको. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड मात्र हवाच, नाहीतर कॉइल सुटताना जो उलटा झटका देते तो चिपच्या जिवावर उठतो.

पाच सेकंद कशाला? गाडीचे कंट्रोलर जागे होत असताना दाबलेलं बटण ते जुमानत नाहीत. शिवाय स्टार्टर फिरताना बॅटरीची लाइन ९-१० व्होल्टपर्यंत कोसळते, इंजिन लागलं की १४ च्या वर जाते. त्या गोंधळात निर्णय नको. म्हणून तोंडाशी डायोड, २२ ओहम, १५ व्होल्टचा झेनर, आणि सगळ्याच्या आधी १ अँपिअरचा फ्यूज. हे घरी करणाऱ्याला एकच सांगणं: पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिकडे मल्टिमीटरची पिनसुद्धा नेऊ नका.

हे काढून झाल्यावर माझी नजर त्या पाच सेकंदांवरच अडकली. शेठजी किल्ली फिरवतात. पाच सेकंद काहीच होत नाही. मग बटण दाबलं जातं. मधल्या काळात कर्म कुठे असतं? यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या मीमांसकांना नेमकी हीच अडचण आली होती. यज्ञ आज संपतो, राख थंड होते, आणि स्वर्ग मिळायचा तो मेल्यानंतर. मधे दोघांना जोडणारं काय? त्यांनी ‘अपूर्व’ मानलं, डोळ्यांना न दिसणारी, कर्मातून उपजलेली आणि फळापर्यंत टिकणारी शक्ती. १० मायक्रोफॅरडच्या त्या निळ्या टोपणात साचत जाणारा भार बघताना मला अपूर्वाची आठवण झाली, हे खरं. उपमा याहून ताणू नये. अपूर्व मल्टिमीटरवर दिसत नाही.

त्याच मीमांसकांचा दुसरा एक निर्णय मला जास्त कामाचा वाटतो. यज्ञातल्या आहुत्या, मंत्र, मोजमाप, सगळं ऋत्विज करतात. यजमान संकल्प सोडतो आणि दक्षिणा देतो. फळ यजमानाला. कामं वाटली म्हणून फळ वाटलं जात नाही, कारण ऋत्विजाचा मोबदला दक्षिणेत फिटला. या हिशेबाने डबी ऋत्विज, मी ती डबी बसवणारा, आणि शेठजी यजमान. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. “म्हणजे पैसे द्यायला हवेत तुम्हाला. नाहीतर फळ तुमच्याकडे यायचं.” व्यापारी माणूस, मुद्दा बरोबर जागी पकडला. मी तपकीर गल्लीचं बिल आणि वर एक दिवसाचं जेवण घेतलं. त्यांच्याकडचं जेवण कांदा-लसणाशिवाय इतकं चवदार कसं होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण त्या पाच सेकंदांकडे अगदी उलट्या बाजूने पाहणारीही माणसं आहेत. मी मूळचा अलिबागचा. तिथली इस्रायल आळी आणि मागेन अबोथ सिनेगॉग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना बेने इस्रायल यहुदी लोकांची ओळख करून द्यायला नको. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. (जैनांच्या निषिद्ध धंद्यांच्या यादीत यंत्राने पिळण्याचा धंदा येतो, म्हणजे घाणा त्यात आलाच. शेठजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, सहा दिवस पाप आणि सातव्या दिवशी सुट्टी, आमच्याकडे अशी सोय नाही.) १९४८ नंतर त्यातली बहुतेक घरं इस्रायलला गेली.

शब्बाथला, म्हणजे त्या विश्रांतीच्या शनिवारी, अग्नी पेटवायचा नाही, आणि सनातनी यहुदी घरांत विजेचं बटणही दाबायचं नाही. मग दिवे? शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी टायमर लावून ठेवायचा. शब्बाथच्या लिफ्टा कुणी बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबत जातात. इस्रायलमध्ये झोमेत नावाची संस्था याच्याही पुढे गेली. त्यांच्या उपकरणात बटण दाबल्याने थेट काहीच घडत नाही. आतलं सर्किट ठरावीक काळाने डोकावून बघतं, बटणाची जागा बदलली आहे का, आणि बदललेली दिसली तर आपल्या वेळेला काम करतं. माणसाच्या हालचालीत आणि परिणामात असा अडसर आला की ते कर्म अप्रत्यक्ष होतं, आणि त्यांच्या धर्मशास्त्रात अप्रत्यक्ष कर्माची इयत्ता वेगळी आहे.

म्हणजे बघा, तेच पाच सेकंद. शेठजींच्या आचार्यांना विचारलं तर म्हणतील, मधे पाच सेकंद घाला की पाच वर्षं, करवणारा तूच. तिकडचे रब्बी म्हणतील, त्या अंतराने फरक पडतो. पहिल्यांदा ऐकताना मला दुसरं उत्तर पळवाट वाटलं होतं. नंतर एक तपशील समजला आणि मत बदललं. ही उपकरणं त्यांनी मुख्यतः दवाखाने, सुरक्षा, अपंग माणसं यांच्यासाठी केली. नुसत्या सोयीसाठी, हात हलवायचा कंटाळा म्हणून, ती वापरायला त्यांची मान्यता नाही. आधी विचारायचं की गरज काय, आणि मग सर्किट. पळवाट शोधणारा माणूस हा प्रश्न मधे आणत नाही.

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जावा असं मला वाटतं. आमच्या पेठेतल्या देवळात आरतीला विजेवरचा नगारा आहे. मोटर फिरते, दोन टिपऱ्या ढोलावर पडतात, बाजूला घंटा हलते आणि झांजा आपटतात. पुजारी स्विच दाबून ताम्हन हातात घेतात. पूर्वी ज्या पोरांना झांजा मिळाव्यात म्हणून भांडायला लागायचं ती आता मागे मोबाइल घेऊन उभी असतात. ज्या देवळात आरतीला पुजाऱ्याशिवाय कुणीच येत नाही तिथे हे यंत्र ठेवावं, माझी तक्रार नाही, देवाला नाद मिळतो. पण चाळीस माणसं उभी असताना ते लावणं म्हणजे चाळीस जणांना सुट्टी देणं. तिथे नुसता नाद नको होता, हात हवे होते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत बाहेरच्या कर्माला आतल्या चित्ताची जोड देण्यावर त्यांचा सगळा भर आहे. त्या जोडीलाच ते विकर्म म्हणतात. मोटरीला कर्म जमतं. विकर्मासाठी तिच्यात टर्मिनल नाही.

मग शेठजींच्या बटणात नाद हवा की हात? इथे मला बटणाच्या बाजूने बोललं पाहिजे, कारण त्याची बाजू कुणी घेत नाही. गाडीची विसरभोळी वागणूक मुद्दाम केलेली आहे. धुराची आणि इंधनाची चाचणी होते ती गाडी सुरू केल्यावर ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेत. बटण लक्षात राहिलं असतं तर लोकांनी एकदाच दाबून सोय कायमची मिटवली असती आणि कागदावरचा आकडा कागदावर राहिला असता. आपल्याकडे २०२२-२३ पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत ठेवायची आहे, त्यात असल्या सोयींचे दोन-तीन ग्रॅमही मोलाचे. एसी लावून उभी असलेली मध्यम पेट्रोल गाडी तासाला लिटरभराच्या आसपास जाळते. विद्यापीठ चौकात संध्याकाळी किती गाड्या उभ्या असतात ते वाचकांनी पाहिलं आहे, आणि त्यांच्या मागे स्कूटरवर तोंडाला ओढणी बांधून बसलेली मुलगीही पाहिली असेल. बटण दाबताना त्या मुलीच्या नाकात काय जाणार याचा निर्णय होतो. फार लहान निर्णय आहे. पण शेठजी वाटेतल्या मुंगीला वळसा घालणाऱ्यांतले आहेत, त्यांना लहानाचं वावडं नसावं.

हे मी त्यांना जरा भीत भीतच म्हटलं. ते रागावले नाहीत. “सर, तुम्हाला चौदा नियम माहीत आहेत का?” मला नव्हते. मग त्यांनी सांगितले. आज किती पदार्थ खाईन, किती कपडे वापरीन, कोणत्या दिशेला किती लांब जाईन, कोणतं वाहन वापरीन, अशा चौदा गोष्टींची मर्यादा रोज सकाळी मनाशी ठरवायची. संध्याकाळी हिशेब बघायचा, मर्यादा पाळली का मोडली. आणि रात्रीसाठी पुन्हा नव्याने घ्यायचे. शेठजींचे वडील घेत, तेही घेतात, म्हणजे हे नियम आयुष्यभराचेच झाले. मी विचारलं, मग एकदाच जन्मभरासाठी का नाही घेत? ते म्हणाले, “जन्मभराचं घेतलं की विसरायला होतं. रोज घेतलं की रोज ठरवायला लागतं, आज किती.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हाच माणूस माझ्याकडे बटण कायमचं दाबून घ्यायला आला होता. त्यांच्याही ते बोलता बोलताच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

खरं तर वाहन हा त्यांच्या चौदांतला एक नियम, आणि गाडीचा कारखाना नकळत त्यांच्या आचार्यांच्याच पद्धतीने वागला होता: संकल्प टिकू द्यायचा नाही, पुन्हा विचारायचं. कारखान्याचं फक्त प्रमाण चुकलं. किल्ली फिरवली की विचारणार, मग ती दुधाच्या पिशवीसाठी दोन मिनिटं थांबून फिरवलेली का असेना. इतक्या वेळा विचारलं की माणूस उत्तर देणं सोडतो, बोट देतं. नवरा सारखा “काय म्हणालीस?” विचारतो तेव्हा बायकोला जे वाटतं ते शेठजींना वाटत होतं. वैतागून माणूस कायमचा बंदोबस्त करायला निघतो, आणि मग ठरवण्याची जागाच जाते.

म्हणून दोघांनी बसून पहिलं सर्किट बाजूला ठेवलं आणि नवं ठरवलं. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना डबी काहीच करणार नाही. शेठजींनी बघायचं: आज ऊन कसं आहे, नातू बरोबर आहे का, रस्ता कोणता. वाटलं तर स्वतःच्या बोटाने बटण दाबायचं. डबी ते दाबणं बटणाच्या वायरीवरून ऐकेल आणि त्यानंतर गाडी जितक्या वेळा सुरू होईल तितक्या वेळा, पाच सेकंद थांबून, तेच करील. सूर्यास्ताला विसरेल. संध्याकाळी बाहेर पडायचं असेल तर पुन्हा बोट. करणं एकदा, करवणं दिवसभर, आणि अनुमोदनाला वाव असेल तर तो संध्याकाळच्या हिशेबापुरता.

५५५ ला हे झेपत नाही, तिला आठवण नाही. अॅटटाइनी ८५ नावाची आठ पायांची चिप घेतली. गाडी बंद असतानाही ती जागी हवी, म्हणजे सरळ बॅटरीवर. झोपेत ती काही मायक्रोअँपिअरच घेते, पण नेहमीचा ७८०५ रेग्युलेटर लावला तर तो स्वतःच पाचेक मिलिअँपिअर खातो आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर बॅटरीला ते जाणवतं. तेव्हा कमी खाणारा रेग्युलेटर. इथपर्यंत सगळं सरळ होतं. अडलं ते सूर्यास्तावर.

चिपच्या आतलं घड्याळ कच्चं असतं, बारा तासांत तासभरही इकडेतिकडे जाऊ शकतं. शेठजी सूर्यास्तानंतर पाणीही पीत नाहीत, त्यांना तासभर चालणार नव्हता. मी म्हटलं, डॅशबोर्डवर प्रकाश ओळखणारा एलडीआर लावू, अंधार पडला की दिवस संपला. पण आमचं पार्किंग तळघरात आहे, तिथे सकाळी दहालाही रात्र असते. आणि साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यात भर दुपारी नियम संपला असता. शेठजी म्हणाले, “सूर्यास्ताच्या वेळा पंचांगात छापलेल्या असतात. त्याच घाला ना आत.” घालता येतात. डीएस ३२३१ हे पक्कं घड्याळ वेगळं जोडायचं आणि पुण्याचे ३६५ सूर्यास्त तक्त्यात भरायचे. सहाच्या जरा आधीपासून सव्वासातपर्यंतच्या मिनिटांना दिवसाला एक बाइट पुरतो, आणि चिपमध्ये आठ हजारांवर बाइट आहेत. तक्ता मी त्यांच्याच पंचांगावरून उतरवायला घेतला. जानेवारी-फेब्रुवारी झाले.

मार्चवर होतो तेव्हा ते पुन्हा वर आले. मुलगी सुरतला असते, उन्हाळ्यात गाडी घेऊनच जातात, आणि तिथे सूर्य पुण्यापेक्षा उशिरा मावळतो. नियम तर माणूस जिथे असेल तिथल्या सूर्याने चालतो. “मग त्याचं काय करायचं, सर?” मी त्यांच्यासमोर जीपीएसचं नाव काढलं नाही. मे-जूनसाठी सुरतेचा वेगळा रकाना करून देतो म्हणालो, आणि तिथे पोचल्यावर त्यासाठी स्टिअरिंगखाली लावलेली कळ त्यांनी आपल्या हाताने फिरवायची.